भूमिगत वास्तूंची मराठी परिभाषा : वणीच्या कोळसाखाणींच्या संदर्भात एक चिकित्सा

१

यवतमाळ जिल्ह्याच्या पूर्वेस, वर्धा नदीच्या खोऱ्यात वसलेले वणी हे गाव दोन सीमांवर उभे आहे. त्यांपैकी एक सीमा खडकांची होय. दख्खनच्या पठाराचा काळा बेसाल्ट या परिसरात विरत जातो आणि त्याखालचे गोंडवन काळातील वालुकाश्म व कोळशाचे थर जमिनीजवळ येतात. दुसरी सीमा भाषांची आहे. वऱ्हाडी व नागपुरी वळणाची मराठी, तेलुगू, गोंडी आणि कोलामी या भाषा येथे शेजारी नांदतात. आणि कोळशाच्या उद्योगाने त्यांत उत्तरेकडील खाणक्षेत्रांची हिंदी व खाणकायद्याची इंग्रजी यांची भर घातली. १९७३ च्या राष्ट्रीयीकरणानंतर आणि १९७५ मध्ये वेस्टर्न कोलफील्ड्स ही कंपनी स्थापन झाल्यानंतर वणीच्या भोवताली खाणींचे जे क्षेत्र विस्तारले, त्यात उघड्या खाणींबरोबर राजूर, भांदेवाडा, कुंभारखणी येथील भूमिगत खाणींचाही समावेश झाला. कुंभारखणी या नावात कोळशाच्या फार पूर्वीचा खणण्याचा व्यवहार स्पष्ट दिसतो, तर ‘राजूर कॉलरी’ या नावात नवा उद्योग आपला परका शब्द घेऊन वस्तीच्या नावात शिरलेला आहे. एका तालुक्यातील ही दोन स्थलनामे प्रस्तुत विषयाचे सूत्ररूप होत.

जमिनीखाली मनुष्याला वावरता येईल, काम करता येईल, साठवण करता येईल अशी जागा निर्माण करणे हे आज स्थापत्यशास्त्राचे एक स्वतंत्र अंग झाले आहे. बोगदे, वीजगृहांची दालने, तेलाचे साठे, रेल्वेस्थानके आणि खाणी ही त्याची नाना रूपे. या शास्त्राविषयी मराठीत बरेच लिहिले जाते आणि पुढे अधिक लिहावे लागणार आहे. कारण २०२१ पासून अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने अभियांत्रिकीचे शिक्षण प्रादेशिक भाषांतून देण्यास अनुमती दिली आहे. अशा वेळी या विषयाची मराठी परिभाषा कोणत्या तत्त्वावर उभी आहे, ती वस्तूंमधील भेद दाखविते की पुसते, आणि जमिनीखाली प्रत्यक्ष उतरणाऱ्या माणसाला ती उपयोगी पडते की नाही, हे तपासून पाहणे अगत्याचे ठरते. परिभाषेतील दोष कागदावर केवळ सौंदर्याचा दोष असतो. खाणीत तो सुरक्षिततेचा दोष होतो.

२

प्रथम मराठीच्या परंपरागत शब्दभांडाराकडे पाहिले पाहिजे. या भांडारात भूमिगत जागांसाठी शब्दांची वाण मुळीच नाही. उलट, हे शब्द मोठ्या काटेकोर भेदांवर उभे आहेत.

‘लेणे’ हा त्यांतील सर्वांत प्राचीन शब्द. संस्कृत ‘लयन’ या शब्दाचे ‘लेण’ हे प्राकृत रूप नाशिक, जुन्नर, कान्हेरी येथील कोरीव लेखांत आढळते. लयन म्हणजे विसाव्याची, राहण्याची जागा. म्हणजे या शब्दाच्या मुळाशी खोदण्याची क्रिया नसून वसण्याची क्रिया आहे. कान्हेरीच्या लेखात दगड घडविणाऱ्यांसाठी ‘सेलवढकी’, म्हणजे शैलवर्धकी, असा शब्द येतो. वर्धकी म्हणजे सुतार. लाकडाच्या वास्तूचा कारागीर दगडात शिरला तेव्हा आपल्या कुळाचे नाव सोबत घेऊन गेला, हे या शब्दावरून कळते.

‘भुयार’ हा शब्द ‘भूमिगृह’ या सामासिक शब्दापासून झिजून आला. म्हणजे भुयार हे मुळात घर होते, वाट नव्हती. ‘तळघर’ हा त्याचाच नवा, अर्थ उघड ठेवणारा भाऊ. ‘पेव’ म्हणजे धान्य साठविण्यासाठी जमिनीत खणलेली, अरुंद तोंडाची व आत रुंद होत जाणारी जागा. ‘बळद’ म्हणजे घराच्या भिंतीत किंवा जोत्याखाली केलेली साठवण. ‘टाके’ हे कातळात खोदलेले पाण्याचे कोठार. गडांवरील ज्या टाक्यात छत तोलून धरण्यासाठी मूळ कातळाचेच खांब राखलेले असतात त्यास ‘खांबटाके’ असे स्वतंत्र नाव आहे. ‘बोगदा’ हा दुतोंडी. एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने बाहेर पडण्याचा मार्ग. भोर घाटातून मुंबई-पुणे लोहमार्ग १८६३ मध्ये सुरू झाला, त्या काळापासून हा शब्द मुख्यत्वे अशा आरपार मार्गाशी बांधला गेला असे दिसते. ‘घळ’, ‘कपार’ आणि ‘गुहा’ ही निसर्गाची कामे.

या शब्दांची मांडणी केली तर चार कसोट्या हाती येतात. जागा निसर्गनिर्मित आहे की मानवनिर्मित? तिला एक तोंड आहे की दोन? ती राहण्यासाठी आहे, साठविण्यासाठी की जाण्यायेण्यासाठी? आणि तिच्यात वारा खेळतो की नाही? शेवटची कसोटी सहसा दुर्लक्षिली जाते. परंतु वापरणाऱ्याच्या दृष्टीने तीच जिवाची असते. पेवात साठविलेले धान्य श्वसन करते. त्यामुळे आतील प्राणवायू कमी होऊन कर्बवायू साचतो. म्हणून पेव उघडल्यावर लगेच आत उतरू नये, हे शहाणपण पेव या शब्दाच्या वापराबरोबर पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. कोंदट विहिरीत दिवा सोडून तो तेवतो की विझतो हे पाहण्याची रीतही त्याच शहाणपणाचा भाग. १८१५ साली इंग्लंडात हंफ्री डेव्हीने खाणकामगारांसाठी केलेला सुरक्षादीप ज्वालाग्राही वायूच्या धोक्यासाठी होता. तथापि ज्योतीवरून हवेची परीक्षा करण्याचे तत्त्व दोहोंना समान आहे.

पुण्याला पाणी पुरविण्यासाठी अठराव्या शतकाच्या मध्यास, नानासाहेब पेशव्यांच्या काळात, कात्रजच्या तलावापासून जो बांधीव भूमिगत नळ आणला गेला, त्यास ठिकठिकाणी वर उघडणारी जी धुरांडी ठेवली होती त्यांना ‘उच्छ्वास’ म्हणत. आज अभियांत्रिकीच्या मराठी लेखनात या वस्तूसाठी ‘वायुवीजन कूपक’ यासारखी रचना करावी लागते. जुन्या कारागिराने मात्र जमिनीखालील नळाला श्वास घेणारा प्राणी मानून एका शब्दात काम भागविले. तो शब्द संस्कृत आहे, परंतु बनावट नाही, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

३

आता आधुनिक परिभाषेकडे वळता येईल. १९६० साली महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेबरोबर भाषा संचालनालयाची स्थापना झाली आणि त्याने विविध शास्त्रांचे परिभाषा कोश सिद्ध करण्याचे फार मोठे काम हाती घेतले. केंद्रात १९६१ साली वैज्ञानिक व तांत्रिक शब्दावली आयोग स्थापन झाला. या कार्याचे मोल कमी लेखणे कृतघ्नपणाचे होईल. तथापि कोशकारांसमोर इंग्रजी शब्दांची यादी होती. त्यांना शब्दास शब्द द्यावयाचा होता. वस्तूपासून नावाकडे जाण्याऐवजी नावापासून नावाकडे जाण्याची ही पद्धती. तिचा परिणाम भूमिगत वास्तूंच्या बाबतीत विशेष स्पष्ट दिसतो.

या पद्धतीचा सर्वांत लाडका शब्द म्हणजे ‘भूमिगत’. भूमिगत खाण, भूमिगत वीजगृह, भूमिगत तेलसाठा, भूमिगत वाहनतळ, भूमिगत केबल. १९४२ च्या आंदोलनात पोलिसांना चुकवून काम करणारे कार्यकर्तेही भूमिगतच. हा शब्द वस्तू कोठे आहे एवढेच सांगतो. ती कशी आहे हे सांगत नाही. माणूस जिच्यात उभा राहतो ती जागा आणि मातीत पुरलेली तार यांना एकच विशेषण लागू होते, तेव्हा त्या विशेषणाची भेदक शक्ती जवळजवळ संपलेली असते.

दुसरा परिणाम ‘भुयार’ या शब्दावर झाला. भुयारी गटार, भुयारी मार्ग, भुयारी मेट्रो या प्रयोगांनी भुयाराचे घर पुसून टाकले आणि त्याची वाट केली. ऑक्टोबर २०२४ ते ऑक्टोबर २०२५ या काळात टप्प्याटप्प्याने खुली झालेली मुंबईची सुमारे साडेतेहतीस किलोमीटरची मेट्रो मार्गिका ३ लोकांच्या तोंडी ‘भुयारी मेट्रो’ म्हणूनच रुळली. अर्थांतर हा भाषेचा स्वभाव आहे आणि त्याबद्दल शोक करण्याचे कारण नाही. परंतु एक शब्द आपली जागा सोडून गेला म्हणजे ती जागा रिकामी होते, याची नोंद मात्र घेतली पाहिजे. आज भुयार आणि बोगदा हे दोन्ही शब्द मार्गवाचक झाले आहेत. आणि खडकाच्या पोटात कोरलेल्या विस्तीर्ण, बहुधा एकाच वापरासाठी घडविलेल्या दालनास मराठीत निश्चित नाव उरलेले नाही. ‘गुहा’ म्हटले तर निसर्गाचे काम डोळ्यांपुढे येते. ‘विवर’ हा शब्द खगोलशास्त्राने चंद्रावरील खळग्यांसाठी व कृष्णविवरासाठी उचलला आहे. ‘पोकळी’ म्हणजे तर केवळ अभाव.

ही उणीव काल्पनिक नाही. नॉर्वेत गोविक येथे १९९४ च्या हिवाळी ऑलिंपिकसाठी डोंगराच्या पोटात सुमारे ६० मीटर रुंदीचे क्रीडागृह कोरले गेले. भारतात विशाखापट्टणम, मंगळुरू व पादूर येथे खनिज तेलाचे जे आपत्कालीन साठे आहेत त्यांची एकत्रित क्षमता ५३ लाख ३० हजार टन आहे. तेथे तेल खडकाच्या अस्तरहीन दालनांत ठेवले जाते आणि भोवतालच्या भूजलाचा दाब त्याला बाहेर झिरपू देत नाही. मराठी वृत्तपत्रे यांना ‘भूमिगत तेलसाठे’ म्हणतात. साठा हे आतील वस्तूचे नाव झाले. ज्या वास्तूत ती आहे तिचे नाव वाक्यात येतच नाही. पेव या शब्दाने हे काम सहज केले असते. पण ‘पेव फुटणे’ या वाक्प्रचाराने त्याला विनोदाच्या कडेवर नेऊन बसविले आहे. मूळ वस्तू व्यवहारातून गेली की शब्द वाक्प्रचारात अडकून राहतो, याचे हे नमुनेदार उदाहरण होय.

४

भेद पुसणाऱ्या शब्दांपेक्षा फसविणारे शब्द अधिक धोक्याचे. वणीच्या परिसरात त्याचे ठळक उदाहरण ‘सुरुंग’ हे आहे.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ‘सुरुङ्गा’ हा शब्द जमिनीखालील गुप्त मार्गाच्या अर्थी येतो. तो ग्रीक ‘सिरिंक्स’ या नळीवाचक शब्दापासून संस्कृतात आला, हे मत भाषाशास्त्रज्ञांत सामान्यतः मान्य आहे. हिंदीत ‘सुरंग’ या शब्दाने मार्गाचा अर्थ राखला. मराठीत मात्र किल्ल्याच्या तटाखाली मार्ग खणायचा, त्यात दारू ठासायची आणि ती उडवायची या युद्धतंत्रामुळे मार्गाचे नाव स्फोटकाकडे सरकले. इंग्रजीत खाणीच्या शब्दाने नेमका हाच प्रवास केला, हे पाहिले म्हणजे हा अर्थविकास केवळ योगायोगाचा नव्हे हे पटते. आज मराठी माणूस सुरुंग ‘लावतो’ किंवा ‘उडवितो’. तो सुरुंगात ‘शिरत’ नाही. हिंदी भाषक मात्र सुरंगेत शिरतो. हिंदीतही ‘बारूदी सुरंग’ असा प्रयोग आहे, पण तेथे स्फोटकाचा बोध विशेषणाने करून द्यावा लागतो.

नोव्हेंबर २०२३ मध्ये उत्तराखंडातील सिलक्यारा येथे बोगद्याचा भाग ढासळून ४१ कामगार १२ ते २८ तारखेपर्यंत आत अडकले. त्या सतरा दिवसांत हिंदी वृत्तपत्रांचा ‘सुरंग’ आणि मराठी वृत्तपत्रांचा ‘बोगदा’ शेजारी ठेवून वाचणाऱ्यास या दोन भाषांतील अंतर सहज जाणवले असेल. वृत्तपत्रात हे अंतर निरुपद्रवी आहे. ज्या खाणीत मराठी, हिंदी व तेलुगू बोलणारे कामगार एका पाळीत काम करतात, आणि जेथे कोळसा सुटा करण्यासाठी भोके पाडून स्फोटके भरली जातात, तेथे ‘सुरंग’ हा उच्चार एकाला वाट आणि दुसऱ्याला दारू सुचवितो. संस्कृतमूलक शब्द सर्व भारतीय भाषांना समान असतात, म्हणून तेच परिभाषेस योग्य, असा युक्तिवाद वारंवार केला जातो. रूपाची समानता म्हणजे अर्थाची समानता नव्हे, हे या एका शब्दावरून सिद्ध होते.

५

मग खाणीतील माणूस प्रत्यक्षात कोणती भाषा बोलतो? भारतीय कोळसाखाणींची व्यवहारभाषा ही कायद्याची इंग्रजी, कोळसाक्षेत्रांची हिंदी आणि स्थानिक बोली यांच्या मिश्रणातून घडली. शाफ्ट, इनक्लाइन, पिलर, गॅलरी, डिप, राइज, गोफ, हॉलेज हे शब्द; सरदार, ओव्हरमन, शॉटफायरर ही पदनामे. सरदार हा फारसी शब्द ज्या खाणकायद्यात इंग्रजी पदनामांच्या रांगेत जाऊन बसला, त्यातच या मिश्रणाचा इतिहास सामावलेला आहे. खाणीला मराठीचा प्रमाण शब्द ‘खाण’ असला तरी विदर्भातील बोलीत ‘खदान’ हाच अधिक ऐकू येतो.

शुद्धतावाद्यांना ही भाषा भ्रष्ट वाटते. परंतु परिभाषेची पहिली कसोटी एकार्थता असेल, तर ती या भाषेत उत्तम साधलेली आहे. ‘गोफ’ म्हणजे कोळसा काढून घेतल्यावर उरलेला, छत ढासळू दिलेला किंवा भरलेला भाग. त्याचा दुसरा अर्थ या व्यवहारात नाही. ‘डिप’ म्हणजे थराच्या उताराची दिशा, ‘राइज’ म्हणजे चढाची. धूर पसरला असता कोणत्या दिशेला पळावयाचे हे या दोन शब्दांवर ठरते. त्यांच्या जागी ‘अवनती’ व ‘उन्नती’ हे शब्द ठेवावयाचे, तर ते शाळेच्या पुस्तकात नीतीच्या अर्थाने वाचलेल्या माणसाला अंधारात काय उपयोगाचे?

तरीही या भाषेची एक मर्यादा सांगितली पाहिजे. ती उसनी असल्यामुळे कामगाराच्या इतर अनुभवाशी तिचे नाते जडत नाही. ‘पिलर’ हा शब्द घ्यावा. वर्धा खोऱ्यासह भारतातील भूमिगत कोळसाखाणींत दीर्घकाळ प्रचलित असलेली पद्धती अशी, की थरात एकमेकींस छेदणाऱ्या गल्ल्या काढावयाच्या आणि त्यांच्या मधे कोळशाचेच चौकोनी ठोकळे वरचा भार तोलण्यासाठी सोडावयाचे. १९५७ च्या कोळसाखाण विनियमांनी गल्लीची रुंदी ४.८ मीटरपेक्षा आणि उंची ३ मीटरपेक्षा अधिक असू नये असे बंधन घातले होते. आणि खोली जसजशी वाढेल तसतसे हे ठोकळे मोठे राखण्याचा तक्ता दिला होता. रुंदी ४.८ मीटर असता ६० मीटरपर्यंतच्या खोलीस दोन ठोकळ्यांच्या मध्यबिंदूंतील अंतर किमान १९.५ मीटर, तर ३६० मीटरपलीकडे ते ४८ मीटर. या विनियमांची जागा पुढे २०१७ च्या विनियमांनी घेतली. बांधकामातला खांब उभा करावा लागतो. खाणीतला खांब सोडावा लागतो. ‘पिलर’ या शब्दात हा भेद नाही. इंग्रजीतही तो नाही. पण मराठीत ‘खांबटाके’ हा शब्द नेमकी हीच रचना सांगतो: आतील माल काढून घेताना छतासाठी राखलेला मूळ खडक. गड पाहणाऱ्या कोणाही मुलाला जी गोष्ट डोळ्यांनी दिसते तिच्या आधारे खाणीचे मूळ तत्त्व समजावून सांगता येते. आणि असे समजावून सांगणे हे प्रशिक्षणाचे अर्धे काम होय.

१९५२ च्या खाण अधिनियमाने कायद्याचा व विनियमांचा गोषवारा इंग्रजीबरोबर विहित केलेल्या अन्य भाषांतही खाणीजवळ लावण्याचा दंडक घातला होता. कायद्याने भाषेची गरज ओळखली होती, हे यावरून दिसते. परंतु कोणत्या भाषेत, हा प्रश्न सुटला तरी भाषेच्या कोणत्या थरात, हा प्रश्न उरतोच. हवेसंबंधीच्या नियमाचे उदाहरण पुरेसे आहे. प्रत्येक कामगारामागे मिनिटाला किमान ६ घनमीटर हवा, हवेत प्राणवायू १९ टक्क्यांहून कमी नाही आणि कर्बवायू अर्ध्या टक्क्याहून अधिक नाही, असे १९५७ च्या विनियमांचे प्रमाण होते. हे प्रमाण ‘संवातन’ या शब्दाने सांगितले तर ते परीक्षेपुरते राहते. ‘वारा खेळता राहणे’ या शब्दांनी सांगितले तर पेव व विहीर यांच्याविषयीचे घरचे ज्ञान त्याच्या मदतीस येते.

६

संस्कृतातून शब्द घडविणे हेच मुळात चुकीचे आहे, असा निष्कर्ष यावरून काढणे मात्र अन्यायाचे होईल. चांगल्या घडणीचा दाखला महाराष्ट्रातच आहे, आणि तोही भूमिगत स्थापत्यातला. कोयना प्रकल्पाचे वीजगृह सह्याद्रीच्या पोटात कोरलेले आहे. १९६२ साली तेथून वीजनिर्मिती सुरू झाली. चौथ्या टप्प्याचे १००० मेगावॉट क्षमतेचे वीजगृहही भूमिगत असून त्यासाठी १३ मार्च १९९९ रोजी जलाशयाच्या तळाला आतून छेद देण्याचा प्रयोग झाला. २५ एप्रिल २०१२ रोजी तो पुन्हा करण्यात आला. या कामाच्या ओघात मराठीला दोन सुंदर शब्द लाभले. वीज निर्माण करून बाहेर पडणारे पाणी ते ‘अवजल’. आणि यंत्रे एकाएकी थांबविली असता बोगद्यातून उसळून येणाऱ्या पाण्याला सामावून घेणारी उभी विहीर ती ‘उल्लोळ विहीर’.

‘उल्लोळ विहीर’ या नावाचे गुण पाहण्यासारखे आहेत. त्यातील एक पद मराठी संतवाङ्मयाने रुळविलेले, दुसरे रोजच्या व्यवहारातले. पहिले पद पाण्याचा स्वभाव सांगते, दुसरे वास्तूचा आकार. नाव ऐकून वस्तू पूर्ण कळत नाही, पण वस्तू पाहिल्यावर नाव विसरत नाही. इंग्रजी शब्दाच्या तुकड्यांचे भाषांतर करून हे नाव साधले नसते. वस्तूकडे पाहूनच ते सुचू शकते. वृत्तपत्रांनी ‘लेक टॅपिंग’ हा शब्द मात्र जसाच्या तसा उचलला, आणि तो तसाच राहिला. शब्द वेळेवर मिळाला नाही म्हणजे उसना शब्द कायमचा होतो, हेही या एकाच प्रकल्पातून दिसून येते.

७

नामांइतकीच महत्त्वाची क्रियापदे असतात, आणि मराठी परिभाषेच्या चर्चेत त्यांची उपेक्षा झालेली आहे. मराठीत ‘खणणे’, ‘खोदणे’, ‘कोरणे’, ‘पोखरणे’, ‘उकरणे’ हे पाच व्यापार भिन्न आहेत. खणणे मुख्यतः खाली जाते. खोदणे कोणत्याही दिशेने जाते. कोरण्यात आकाराचा संकल्प आधी असतो. पोखरण्यात आकार नसतो, केवळ आतून नाश असतो, आणि म्हणून ते क्रियापद वाळवीला व उंदरांना शोभते. शासकीय गद्य या सर्वांच्या जागी ‘उत्खनन’ हा एकच शब्द ठेवते आणि पाच अर्थांचे एक करते.

लेणे व खाण यांतील भेद या क्रियापदांनीच स्पष्ट होतो. वेरूळचे कैलास लेणे कळसापासून पायाकडे कोरत आणले. अजिंठ्यातील अपुऱ्या राहिलेल्या लेण्यांतही काम छताकडून खाली उतरत गेल्याचे दिसते. आजच्या मोठ्या भूमिगत दालनाचे कामही त्याच क्रमाने चालते: आधी माथ्याची कमान मोकळी करावयाची, तिला आधार द्यावयाचा, आणि मग पायरीपायरीने खाली यावयाचे. दोन्ही ठिकाणी जे काढले जाते ते टाकाऊ आणि जे उरते ते मोलाचे. खाणीत याच्या उलट. तेथे काढलेला माल मोलाचा आणि उरलेली जागा टाकाऊ. म्हणूनच खाण संपली की तिच्या पोटातील जागेला नाव राहत नाही. ती ‘जुनी खाण’ होते, ‘बंद खाण’ होते. दोन्ही नावे भूतकाळ सांगतात. तेथे आज काय आहे ते सांगत नाहीत.

आणि तेथे काहीतरी असतेच. २७ डिसेंबर १९७५ रोजी धनबादजवळील चासनाला खाणीत जुन्या कामांत साचलेले पाणी चालू कामांत घुसले आणि साडेतीनशेहून अधिक कामगार मृत्युमुखी पडले. त्या काळीही चालू काम जुन्या कामांच्या ६० मीटरच्या आत आणताना विशेष परवानगीची अट होती. जुनी जागा ही पाण्याने भरलेली, वायूने कोंदलेली किंवा आत धुमसत असलेली वस्तू असते. ‘बंद’ या विशेषणाने तिच्यावर जो पडदा पडतो तो भाषेने घातलेला पडदा आहे. वर्धा खोऱ्यात कोळशाच्या थरांवर पाणी धरून ठेवणारा कामठी वालुकाश्म आहे, तेव्हा वणीच्या परिसरात या पडद्याचा विचार केवळ व्याकरणाचा म्हणता येणार नाही. ‘भरलेली’, ‘बुडालेली’, ‘कोंदलेली’, ‘खचलेली’ अशी चार विशेषणे नकाशावर वापरली गेली, तर ‘बंद’ या एका शब्दापेक्षा ती अधिक माणसांना अधिक गोष्टी सांगतील. छत ‘ढासळते’, जमीन ‘खचते’, दरड ‘कोसळते’. सामान्य मराठी बोलणारा या तीन घटनांत गोंधळ करीत नाही. परिभाषेने तो का करावा?

खाणीच्या पोटातील जागेचा पुढे काही उपयोग करता येईल काय, हा प्रश्न जगभर विचारला जात आहे. पोलंडमधील विएलिच्का येथील मिठाची खाण आज पाहण्याचे स्थळ झाली आहे. मिठाच्या खडकाचा न्याय वणीच्या कोळशास व वालुकाश्मास लावता येणार नाही, हे उघड आहे. कोळसा हवेच्या संपर्काने तापतो आणि पेट घेऊ शकतो. परंतु कोणत्याही जागेचा उपयोग करावयाचा म्हणजे आधी तिला जागा म्हणून ओळखावे लागते, आणि भाषेत ओळखण्याचा मार्ग नाव देण्यावाचून दुसरा नाही.

८

या विवेचनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, शास्त्रीय परिभाषेस लोकभाषेचा आधार दिल्यास ती प्रदेशागणिक बदलेल आणि एकरूपता नष्ट होईल. हा आक्षेप गंभीर आहे. परंतु एकरूपतेची खरी गरज ज्या पातळीवर आहे, म्हणजे संशोधनाच्या व अखिल भारतीय व्यवहाराच्या, तेथे इंग्रजी शब्द आजही चालतातच. मराठी शब्दांची गरज जेथे आहे ती पातळी शिकणाऱ्याची, कामगाराची आणि ज्याच्या शेताखालून गल्ली जाते त्या शेतकऱ्याची आहे. तेथे एकरूपतेपेक्षा स्पष्टता अधिक मोलाची ठरते.

दुसरा आक्षेप असा की, परंपरागत शब्दांना जुन्या अर्थांचे ओझे असते. लेणे म्हटले की देवता व भिक्षू आठवतात, शिवाय अलंकार हा त्याचा दुसरा अर्थ आड येतो. तेव्हा वीजगृहाच्या दालनास लेणे कसे म्हणावे? हा आक्षेप मान्य करावा लागेल. मृत किंवा पवित्र झालेला शब्द बळाने कामाला लावता येत नाही. म्हणून अशा जागेस ‘दालन’ हा साधा शब्द स्वीकारून त्यामागे प्रयोजन जोडावे, जसे वीजदालन किंवा तेलदालन, आणि तिच्या निर्मितीसाठी ‘कोरणे’ हे क्रियापद राखावे, हा मध्यम मार्ग अधिक श्रेयस्कर होय. लेण्यांची परंपरा नामात आणता आली नाही तरी क्रियापदात ती टिकू शकते.

यातून परिभाषाकारांसाठी तीन सूत्रे निष्पन्न होतात. जेथे कामगारांच्या तोंडी उसना शब्द एकार्थाने रुळला आहे, जसे शाफ्ट, गोफ किंवा सरदार, तेथे त्यास हात लावू नये. जेथे मराठीचा स्वतःचा शब्द नेमकी तीच वस्तू सांगतो, जसे उच्छ्वास, खांब, भराव किंवा खचणे, तेथे कोशातील नव्या शब्दाने मागे सरावे. आणि जेथे शब्द नव्याने घडवावाच लागतो, तेथे तो इंग्रजी शब्दाकडे पाहून न घडविता उल्लोळ विहिरीप्रमाणे वस्तूकडे पाहून घडवावा. चौथी गोष्ट सूत्र नव्हे, सावधगिरी आहे: दोन भाषांत एकाच रूपाने नांदणारे ‘सुरुंग’सारखे शब्द हेरून त्यांची स्वतंत्र यादी करावी, आणि मिश्रभाषी खाणीत ते उच्चारण्यापूर्वी त्यांचा अर्थ ठरवून घ्यावा.

मराठी परिभाषेचा विचार आजवर बहुधा वाचनालयातून झाला आहे. लेणी, टाकी, भुयारे आणि पेवे घडविणाऱ्यांनी आपले शब्द काम करता करता घडविले, म्हणून त्यांच्या शब्दांत तोंड, छत, वारा आणि वापर या सर्वांचा हिशेब आहे. ज्या भागात बेसाल्टचे शब्द संपतात आणि कोळशाचे शब्द सुरू होतात, तेथील खाणींची भाषा व्यवस्थितपणे नोंदविणे हे विदर्भातील भाषाविभागांचे कर्तव्य ठरते. भूमिगत खाणी एकामागून एक मिटत जातात, आणि खाण मिटली की तिची भाषाही तिच्यात उतरणाऱ्या शेवटच्या पिढीबरोबर मिटते. त्या नोंदीच्या अभावी जे कोश होतील ते कितीही मोठे झाले तरी जमिनीच्या वरच राहतील.